एका वायूचा उजेड आणि अंधार

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडते, तो दिवस मुख्याध्यापकाला विशेष प्रिय असतो. नव्या कपड्यांची ऐट अजून उतरलेली नसते, डब्यांतून चिवडा-चकलीचा वास दरवळत असतो आणि प्रार्थनेच्या रांगा नेहमीपेक्षा अंमळ अधिक गलबलत असतात. २०२५ च्या दिवाळीनंतरचा तो दिवस मात्र वेगळ्याच कारणाने माझ्या मनात रुतून बसला आहे. आठवीच्या रांगेत एक मुलगा काळा चष्मा लावून उभा होता आणि फाटकापाशी त्याची आई थांबलेली होती. प्रार्थना संपल्यावर दोघेही माझ्या खोलीत आली. मुलाच्या उजव्या डोळ्याची दृष्टी परत येईल की नाही, हे डॉक्टर अजून निश्चित सांगत नव्हते. ती माउली रडली नाही. तिने मला एकच प्रश्न विचारला.

"सर, आम्ही यंदा फटाके घेतलेच नव्हते. धाकट्याला धुराचा त्रास होतो, म्हणून घरात दारूचा कणसुद्धा आणला नाही. याच्या हाती होता तो नुसता खडा आणि पाणी. मग खड्यानं आणि पाण्यानं डोळा कसा जातो हो?"

माझे शिक्षण मराठी साहित्याचे. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही, आणि 'देवाची इच्छा' म्हणून वेळ मारून नेणे माझ्या मनाला पटले नाही. पुढे कित्येक संध्याकाळी मी आमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकविणाऱ्या बाईंबरोबर बसलो, अकरावी-बारावीची पुस्तके उघडली आणि त्या खड्याचा व त्या पाण्याचा माग काढीत गेलो. जे हाती लागले ते त्या एका आईपुरते ठेवणे योग्य नव्हे, म्हणून हा लेख. कारण त्या दिवाळीत हा अपघात एकाच घरी झाला नव्हता. 'कार्बाइड गन' या नावाने रस्तोरस्ती विकल्या गेलेल्या त्या नळीच्या खेळण्याने भोपाळसह मध्य प्रदेशातील अनेक गावांत शंभराहून अधिक मुले डोळ्यांच्या इजा घेऊन रुग्णालयात पोहोचली आणि त्यांतील काहींची दृष्टी गेली. शेतातील वानरे आणि रानडुकरे हाकलण्यासाठी आवाज करणारी ही वस्तू शहरात येऊन स्वस्तातला फटाका बनली होती.

खड्याची जन्मकथा

तो राखाडी खडा म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. तो खाणीत सापडत नाही. निसर्गातील पाणी आणि दमट हवा यांच्यापुढे तो टिकूच शकत नाही. तो माणसाने घडविलेला आहे, आणि त्याच्या पोटातून निघणारा वायू तर त्याच्याही आधी माणसाच्या हाती लागला होता.

सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही यांचे चुलतभाऊ एडमंड डेव्ही हे आयर्लंडमध्ये रसायनशास्त्राचे अध्यापक होते. १८३६ साली पोटॅशियम धातू मिळविण्याच्या खटपटीत त्यांच्या हाती एक काळसर पदार्थ आला. त्यावर पाणी पडताच एक वायू निघू लागला आणि तो लखलखीत ज्योतीने जळाला. हा वायू दिव्यांच्या कामी येईल, हे डेव्ही यांनी त्याच वेळी ओळखले होते. पण तो पुरेसा आणि स्वस्त कसा मिळावा, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. पुढे १८६० मध्ये फ्रान्समधील मार्सेलँ बेर्तलो यांनी हाच वायू पुन्हा तयार केला आणि त्याला 'ॲसिटिलीन' हे नाव दिले. १८६२ मध्ये जर्मन रसायनज्ञ फ्रीडरिख व्होलर यांनी कॅल्शियम कार्बाइड बनविले आणि त्यावर पाणी घातले की ॲसिटिलीन मिळते, हे दाखविले. तरीही सुमारे तीस वर्षे हे सारे प्रयोगशाळेतील नवल म्हणूनच राहिले.

१८९२ साली अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यातील स्प्रे या गावी थॉमस विल्सन नावाचा कॅनडाचा संशोधक स्वस्तात ॲल्युमिनियम मिळविण्याच्या मागे लागला होता. त्यासाठी त्याला आधी कॅल्शियम धातू हवा होता, म्हणून त्याने चुना आणि डांबर विजेच्या भट्टीत तापविले. धातू तर मिळाला नाहीच, निघाला एक काळा ठिसूळ गोळा. तो पाण्यात टाकताच वायू उसळला. कॅल्शियम असेल तर हायड्रोजन निघेल आणि त्याची ज्योत जवळजवळ रंगहीन असेल, अशी अपेक्षा होती. पेटविल्यावर दिसली ती पिवळी, काजळी सोडणारी ज्योत. फसलेल्या प्रयोगातून एक मोठा उद्योग जन्मास आला. आजही चुनकळी आणि कोक हे दोन पदार्थ विजेच्या भट्टीत सुमारे दोन हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनच कार्बाइड तयार करतात.

या दोन हजार अंशांकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. त्या प्रचंड उष्णतेतील काही भाग खड्यात दडून बसतो. खडा हाताला थंड लागतो, पण तो थंड नाही. त्याच्यावर पाणी पडले की ही साठवण दोन रूपांनी बाहेर येते. एक तर मिश्रण तापते, आणि दुसरे म्हणजे ॲसिटिलीन वायू बाहेर पडतो. मागे उरतो तो पांढरा गाळ म्हणजे विरी गेलेला चुना. या चुन्याची आठवण ठेवावी. त्याचे काम पुढे आहे.

हाच खडा आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी उजेडाचे साधन होता. पितळी दिव्याच्या खालच्या डबीत कार्बाइड आणि वरच्या डबीत पाणी असे. चावी किंचित फिरवली की पाणी थेंबथेंब खाली पडे आणि वायू बारीक तोंडातून बाहेर येऊन पेटे. सायकलीला, सुरुवातीच्या मोटारींना, खाणीतील मजुरांच्या टोपीला असे दिवे लावीत. थेंबाथेंबाने पाणी, तेवढाच वायू आणि तेवढीच ज्योत, असा त्यात हिशेब होता. त्या दिव्याचे सारे शहाणपण त्या चावीत होते.

तिहेरी बंध म्हणजे काय?

आता खुद्द वायूकडे वळू. कार्बनच्या अणूला चार हात असतात, हे शाळेत सर्वांनी शिकलेले असते. दोन कार्बन अणूंनी एकमेकांचा एकेक हात धरला, तर प्रत्येकाचे तीन हात मोकळे राहतात. ते सहा हायड्रोजन अणूंनी धरले की इथेन नावाचा वायू होतो. दोघांनी दोन-दोन हात गुंतविले, तर हायड्रोजनला चारच जागा उरतात. तो वायू इथीन, म्हणजे जुन्या नावाने एथिलीन. आणि दोघांनी तीन-तीन हात गुंतविले, तर प्रत्येकाचा एकच हात मोकळा उरतो. दोन कार्बन, दोन हायड्रोजन आणि मध्ये तिहेरी बंध असा जो रेणू होतो, तो इथाइन. हेच आपले ॲसिटिलीन. त्याचे चारही अणू एका सरळ रेषेत असतात, दोरीला बांधलेल्या चार मण्यांसारखे.

व्याकरणाच्या माणसाला येथे मौज वाटावी अशी गोष्ट आहे. रसायनशास्त्राने या कुळांची नावे प्रत्ययांनी ठेवली आहेत. एकेरी बंधाचे ते 'अल्केन', दुहेरी बंधाचे 'अल्कीन' आणि तिहेरी बंधाचे 'अल्काइन'. प्रॉपाइन, ब्यूटाइन अशी या तिसऱ्या कुळाची पुढील भावंडे होत. तेवढ्याच कार्बनांच्या अल्केनपेक्षा अल्काइनमध्ये चार हायड्रोजन कमी असतात. म्हणून या कुळाला 'असंपृक्त', म्हणजे अजून तृप्त न झालेले, असे म्हणतात.

आता एक स्वाभाविक समज होतो. तीन हात गुंतले म्हणजे मिठी तिप्पट घट्ट झाली असणार. ती घट्ट होते हे खरे. एकेरी बंधात दोन कार्बनांमधील अंतर १.५४ अँगस्ट्रॉम असते, दुहेरीत १.३४ आणि तिहेरीत १.२०. पण बळाचा हिशेब निराळाच आहे. एकेरी बंध तोडण्यास साधारणतः ३४७ किलोज्यूल लागतात, दुहेरी तोडण्यास ६१४ आणि तिहेरी तोडण्यास ८३९. तिप्पट असते, तर हा आकडा एक हजाराच्या वर गेला असता. पहिला बंध दोन अणूंच्या नेमका मधोमध असतो, म्हणून तो भक्कम. दुसरा आणि तिसरा कडेकडेने धरलेले असतात. ते आपापली भर घालतात, पण पहिल्याइतकी नाही. बाहेरून कोणी आले की हेच दोन आधी सुटतात.

मुलांना मी हे जोडाक्षरावरून सांगतो. 'राष्ट्र' या शब्दात ष, ट आणि र ही तीन व्यंजने मध्ये स्वराला जागा न देता एकमेकांना चिकटलेली आहेत. लहान मूल हा शब्द उच्चारते, तेव्हा त्याची जीभ त्या गर्दीत चटकन 'अ' शिरविते आणि 'राष्टर' म्हणून मोकळी होते. तिहेरी बंधाचे असेच आहे. त्यात शिरण्याची संधी मिळताच हायड्रोजन शिरतो, क्लोरीन शिरतो, ब्रोमीन शिरतो. तांबूस ब्रोमीनच्या पाण्यात ॲसिटिलीन सोडले की रंग नाहीसा होतो, कारण ब्रोमीन बंधात सामावून जाते. बारावीच्या विद्यार्थ्याला असंपृक्तपणा ओळखण्याची हीच कसोटी शिकवितात.

या वायूची आणखी एक खोड आहे. तिहेरी बंधाच्या टोकाला असलेला हायड्रोजन थोडा सैल धरलेला असतो, आणि त्याची जागा काही धातू घेऊ शकतात. अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटमध्ये ॲसिटिलीन सोडले की पांढरा साका बसतो, तांब्याच्या क्षाराबरोबर लाल. हे साके ओले असेपर्यंत ठीक. वाळले की जरा घासले गेले तरी स्फोट पावतात. ॲसिटिलीन नेण्यासाठी तांब्याच्या नळ्या वापरीत नाहीत, त्याचे कारण हेच.

उसनवारीचा संसार

या वायूचे खरे गुपित त्याच्या जमाखर्चात आहे. बहुतेक ओळखीचे पदार्थ घडतात, तेव्हा ऊर्जा बाहेर टाकून स्वस्थ होतात. कार्बन आणि हायड्रोजन यांपासून ॲसिटिलीन घडते, तेव्हा मात्र त्याच्या दर मोलमागे, म्हणजे सुमारे २६ ग्रॅममागे, २२७ किलोज्यूल ऊर्जा आत घ्यावी लागते. हा संसार उसनवारीवर उभा आहे, आणि संधी मिळताच तो उसने फेडून टाकू पाहतो.

चांगल्या हाती ही फेड वरदान ठरते. शुद्ध ऑक्सिजनबरोबर जळताना ॲसिटिलीनच्या ज्योतीचे तापमान तीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. पोलाद वितळविण्यास ते पुरेसे आहे. गावाच्या वेशीवरच्या वेल्डिंगच्या दुकानात दोन नळकांडी उभी दिसतात. काळे ऑक्सिजनचे आणि तपकिरी-लाल ॲसिटिलीनचे. मोडलेला नांगर, ट्रॅक्टरचा तुटलेला सांधा, बसचा तडकलेला पत्रा कितीदा याच ज्योतीने पुन्हा धरला आहे. आणि दिव्याच्या कामी तो इतका चांगला का? तर या वायूच्या वजनातील शेकडा ९२ भाग कार्बन असतो. हवेत जळताना त्यातील कार्बनचे बारीक कण तापून लाल-पिवळे होतात आणि तेच उजेड देतात.

वाईट हाती हीच फेड घात करते. आपल्या स्वयंपाकघरातील गॅस हवेत साधारणतः शेकडा २ ते ९.५ या प्रमाणात मिसळला असेल, तरच भडकतो. त्याहून कमी किंवा अधिक असल्यास ठिणगी पडूनही तो पेट घेत नाही. ॲसिटिलीनची ही मर्यादा सुमारे शेकडा २.५ पासून ८१ पर्यंत आहे. म्हणजे बंद जागेत तो साठला की मिश्रण जवळजवळ कसेही असो, स्फोटाला ते योग्यच असते. ठिणगीही अगदी क्षुल्लक पुरते. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की दाब वाढला, तर त्याला हवेचीही गरज उरत नाही. तो आपल्या आपण फुटून कार्बन आणि हायड्रोजन होतो आणि उसनी ऊर्जा एका क्षणात ओतून टाकतो.

आता त्या आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते. घरात दारू नव्हती हे खरे, पण दारूचे काम करणारा वायू त्या खड्यात होता. फटाक्याची दारू निदान मोजून भरलेली असते. या नळीत किती वायू जमला, हे पाहण्याचे कोणतेही साधन मुलाच्या हाती नसते. थेंब मोजणारी ती जुन्या दिव्याची चावी येथे नाही. मग बार उडाला नाही की मूल काय करते? ते वाकून आत पाहते. वायू मात्र त्या वेळी जमतच असतो.

दिवा लावणाऱ्याची कहाणी

मूल अडाणी म्हणून असे घडले, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी स्वीडनमधील गुस्ताफ डालेन यांची हकीकत सांगितली पाहिजे.

डालेन यांचा जन्म १८६९ सालचा, शेतकऱ्याच्या घरी. हातांत कसब आणि डोक्यात नवनव्या युक्त्या असलेला हा मुलगा पुढे अभियंता झाला आणि त्याने ॲसिटिलीनला समुद्रावर नेले. स्वीडनच्या किनाऱ्यावर खडक आणि बेटे असंख्य, आणि प्रत्येक खडकावर रात्रंदिवस माणूस ठेवणे अशक्य. दिवा असा हवा होता की जो महिनोन्महिने आपणहून पेटेल आणि आपणहून विझेल.

डालेन यांनी तीन गोष्टी साधल्या. पहिली, दिवा अखंड न जळता क्षणभर चमकून विझेल अशी यंत्रणा, त्यामुळे वायूची प्रचंड बचत झाली. दुसरी, 'सूर्यझडप'. तिच्यात एक काळा दांडा आणि त्याच्याभोवती चकचकीत दांडे असत. सूर्य उगवला की काळा दांडा अधिक तापून लांबे आणि वायूची वाट बंद करी. सूर्य मावळला की तो आखडे आणि वाट उघडे. पहाट आणि सांज ही दिव्याला माणसाने सांगावी लागत नसे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दाबाखाली फुटणाऱ्या या वायूला नळकांड्यात सुरक्षित कसे ठेवावे? फ्रान्समध्ये १८९६ च्या सुमारास असे आढळून आले होते की ॲसिटोन या द्रवात ॲसिटिलीन मोठ्या प्रमाणात विरघळते. नळकांडे सच्छिद्र पदार्थाने भरावे, तो ॲसिटोनने भिजवावा आणि त्यात वायू मुरवावा, म्हणजे त्याला एकत्र येऊन फुटण्यास मोकळी जागाच मिळत नाही. पण धक्क्यांनी तो सच्छिद्र पदार्थ भेगाळे आणि पोकळी राही. डालेन यांनी न भेगाळणारा पदार्थ शोधला. वेल्डिंगच्या दुकानातील ते तपकिरी-लाल नळकांडे आजही याच तत्त्वावर चालते. त्याच्या आत पोकळी नसते.

या मनुष्याने ॲसिटिलीनला जेवढे ओळखले होते, तेवढे त्या काळी क्वचितच कोणी ओळखले असेल. आणि तरीही १९१२ साली नळकांड्यांच्या सुरक्षिततेचीच चाचणी घेताना स्फोट झाला आणि डालेन यांचे दोन्ही डोळे गेले. त्याच वर्षीचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना दीपस्तंभांच्या या कार्याबद्दल मिळाले. स्टॉकहोमच्या समारंभाला ते जाऊ शकले नाहीत. त्यांच्या वतीने पारितोषिक स्वीकारले ते त्यांच्या भावाने, आणि तो भाऊ स्वतः नेत्ररोगतज्ज्ञ होता. हजारो खलाशांना अंधारात वाट दाखविणारा माणूस अंधारात गेला, आणि सख्ख्या भावाची विद्याही त्याचे डोळे परत आणू शकली नाही.

डालेन खचले नाहीत. १९३७ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपल्या कंपनीची धुरा वाहिली. आंधळेपणातच त्यांनी घरगुती स्वयंपाकासाठी एक नवी शेगडी तयार केली, आणि ती पुढे युरोपातील घराघरांत पोहोचली. त्यांच्या धैर्यापुढे मस्तक नमते. पण मला या कहाणीतून मुलांना सांगावेसे वाटते ते दुसरेच आहे. सर्व काही जाणणाऱ्यालाही या वायूने क्षमा केली नाही. मग ज्याला त्याचे नावही ठाऊक नाही, त्याच्या हाती तो खेळणे म्हणून द्यावा काय?

डोळ्याचे काय होते?

आता उरलेले अर्धे उत्तर. फटाक्याने भाजते, तसे येथेही भाजते. कण वेगाने उडतात आणि बुबुळावर आदळतात. परंतु या खेळण्याची इजा अधिक वाईट ठरते, त्याचे कारण तो मागे राहिलेला चुना. तो अल्क आहे, म्हणजे गुणाने आम्लाच्या उलट. आम्ल डोळ्यात गेले तर वरच्या थरातील प्रथिने गोठतात आणि पुष्कळदा तीच पुढच्या थरांना थोडा आडोसा करतात. अल्क तसा थांबत नाही. तो पेशी विरघळवीत आत आत जातो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा त्यामुळे दुधाळ होऊ शकतो. शिवाय न विरलेला कार्बाइडचा कण डोळ्यातील ओलाव्याशी तेथेच विक्रिया करू लागतो. म्हणून येथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.

असा प्रसंग ओढवलाच, तर डोळा चोळू देऊ नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने ताबडतोब धुण्यास लागावे आणि निदान पंधरा-वीस मिनिटे धूत राहावे. पापणीच्या आत अडकलेले कणही पाण्याने निघून गेले पाहिजेत. त्वचेवर कोरडे कण असतील, तर ते आधी झटकून मग पाणी घ्यावे. दूध, तूप, मध, गुलाबपाणी, काजळ यांतले काहीही डोळ्यात घालू नये. आणि धुऊन होताच नेत्रतज्ज्ञाकडे जावे, दुखणे कमी वाटले तरीही. उद्या पाहू, असे म्हणू नये.

हा खडा घरात येतो कोठून?

वाचक म्हणतील, आमच्या घरी कार्बाइड कशाला येईल? येते, आणि पुष्कळदा आंब्याच्या वाटेने येते. फळ पिकते ते एथिलीनमुळे, म्हणजे वर सांगितलेल्या दुहेरी बंधाच्या वायूमुळे. तो फळातच तयार होतो. तिहेरी बंधाचे ॲसिटिलीन त्याची थोडीफार नक्कल करू शकते, म्हणून काही व्यापारी पेटीत कार्बाइडच्या पुड्या ठेवीत आले. फळातील ओलाव्याने वायू सुटतो आणि साल पिवळी होते, पण आतला गर तसा पिकत नाही. बाजारी कार्बाइडमध्ये फॉस्फरस आणि आर्सेनिक यांची विषारी संयुगे मिसळलेली असतात. लसणासारखा जो उग्र वास येतो, तो मुख्यतः या भेसळीचा. आपल्या देशात कार्बाइडने फळे पिकविण्यास अन्न सुरक्षेच्या २०११ च्या विनियमांनी मनाई आहे. एथिलीन वायू ठरावीक मर्यादेत वापरण्यास मात्र परवानगी आहे. कार्बाइडची साठवण आणि वाहतूक यांसाठी १९८७ चे स्वतंत्र नियम आहेत. पेटीच्या तळाशी राखाडी खडे किंवा पांढऱ्या भुकटीची पुडी दिसली, तर ती मुलांच्या हाती लागू देऊ नये, मोरीत किंवा कचऱ्याच्या ओल्या डब्यात टाकू नये. कार्बाइडला आग लागली असता त्यावर पाणी कधीच मारू नये. कोरडी वाळू टाकावी.

एवढे लिहिल्यावर तिहेरी बंधाला खलनायक ठरवावे असे कोणास वाटेल, तर तेही अन्यायाचे होईल. गजकर्णावर डॉक्टर जे टर्बिनाफिनचे मलम देतात, त्याच्या रेणूत तिहेरी बंध आहे, आणि तो तेथे मुकाट्याने आपले काम करतो. २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बॅरी शार्पलेस, मॉर्टन मेल्डाल आणि कॅरोलिन बर्टोझी या तिघांना मिळाले, ते मुख्यतः अल्काइन आणि ॲझाइड या दोन गटांना अचूक जोडण्याच्या रीतीबद्दल. या रीतीने जिवंत पेशींत नेमक्या रेणूला खूण करता येते, आणि कर्करोगावरील संशोधनात तिचा उपयोग होत आहे. बंध तोच, उतावळेपणाही तोच. फक्त तो कोठे, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली मोकळा करावयाचा, हे ठरलेले असते.

तो मुलगा आता पहिल्या बाकावर बसतो. उजव्या डोळ्याने त्याला फळ्यावरची ठळक अक्षरे दिसू लागली आहेत, बारीक अजून दिसत नाहीत. त्याच्या आईला मी मागच्या महिन्यात बोलावून घेतले आणि वर लिहिलेले सारे सोप्या शब्दांत सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, हे दिवाळीच्या आधी कुणी सांगितलं असतं, तर?"

याला माझ्यापाशी उत्तर नाही. म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे. येत्या दिवाळीपूर्वी, फराळाची भाजणी दळायला जाईल त्या सुमारास, घरातील आणि शेजारच्या मुलांना जवळ बसवून हा लेख वाचून दाखवावा. डालेन यांची गोष्ट मुलांना आवडते, असा माझा अनुभव आहे. ती ऐकली की पुढचे फार सांगावे लागत नाही.